एम्ब्रियो रुजावा म्हणून लॅबमध्ये नेमकं काय करतात? सोलापुरात रोज विचारले जाणारे प्रश्न

मी एम्ब्रियोलॉजिस्ट आहे, म्हणजे आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सेंटरमध्ये त्या बंद दाराच्या आत टोपी-मास्क घालून मायक्रोस्कोपला डोळे लावून बसणारी बाई. पेशंटशी बोलायचं काम डॉक्टरांचं. पण आपल्याकडं कसं, कुणी बार्शीहून आलेलं, कुणी अक्कलकोट, मंगळवेढा, कुणी पार विजापूरकडून, नंबर यायला दुपार होते, एसटी पकडायची घाई, डॉक्टरांपुढं विचारायचं राहून जातं आणि मग पॅसेजमध्ये मी दिसले की मला गाठतात. प्रश्न तेच तेच असतात म्हणून इथं लिहून टाकते. हे सगळं सर्वसाधारण आहे, तुमच्या केसमध्ये तुमचे रिपोर्ट बघून डॉक्टर जे सांगतील तेच धरायचं.

मॅडम, एम्ब्रियो एक नंबरचा आहे म्हणाले होते, मग चिकटला का नाही?

हा प्रश्न मला आठवड्यातनं चारदा तरी येतो आणि दरवेळी पोटात गलबलतं. एम्ब्रियो म्हणजे अंडं आणि शुक्राणू मिळून लॅबमध्ये झालेला सुरुवातीचा गर्भ. एक नंबर म्हणजे काय ते आधी सांगते. पाचव्या दिवसाचा एम्ब्रियो, ज्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात, त्याला आम्ही मार्क देतो, रिपोर्टवर ४एए, ४बीबी असं काहीतरी लिहिलेलं असतं ते. आकडा १ ते ६, एम्ब्रियो किती फुगलाय, कवचातनं बाहेर यायला लागलाय का ते त्यावरून कळतं. पहिलं अक्षर आतल्या पेशींच्या गोळ्याचं, ज्याचं पुढं बाळ होतं, आणि दुसरं बाहेरच्या थराचं, ज्याची वार होते. हे सगळं दिसण्यावरनं दिलेले मार्क आहेत. आत क्रोमोसोम बरोबर आहेत की नाही ते मायक्रोस्कोपखाली दिसतच नाही. एक मंगळवेढ्याचे शेतकरी दादा होते, त्यांना हे सांगत होते तर तेच मला म्हणाले, म्हणजे दाणा भरलेला दिसतोय पण आतनं किडका असला तर पेरल्याशिवाय कळणार नाही, असंच की. अगदी असंच.

आणि हे किडकं असणं सगळ्यात जास्त बाईच्या वयावर असतं. तिशीच्या आत बरेच एम्ब्रियो ठीक निघतात, चाळिशीला निम्म्याहून जास्त एम्ब्रियोंच्या क्रोमोसोममध्ये गडबड असते आणि निसर्ग असे एम्ब्रियो बहुतेक वेळा रुजूच देत नाही. त्यामुळं ‘माझ्या गर्भपिशवीनं टाकून दिला’ असं स्वतःला लावून घेऊ नका, सासूबाई म्हणाल्या तरी.

लॅबमध्ये आम्ही काय करू शकतो तर चांगला एम्ब्रियो खराब होऊ न देणं. खराब एम्ब्रियो चांगला करायचं मशीन अजून कुठल्याच लॅबमध्ये आलेलं नाही, पुण्यात नाही, मुंबईत नाही, परदेशात पण नाही. पुढची सगळी उत्तरं वाचताना एवढं डोक्यात ठेवा.

तिसऱ्या दिवशी तयार झाला म्हणता ना, मग गर्भपिशवीत टाका की. पाचव्या दिवसापर्यंत का थांबायचं?

पिकअपचा, म्हणजे अंडी बाहेर काढायचा, दिवस शून्य धरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, फर्टिलायझेशनला १६-१८ तास झाले की आम्ही बघतो, अंड्यात दोन छोटे गोल दिसले, एक आईकडचा एक वडलांकडचा, की फर्टिलाइझ झालं. तिसऱ्या दिवशी ६ ते ८ पेशी होतात. चौथ्या दिवशी त्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून गोळा होतो. पाचव्या दिवशी आत पाणी भरून फुगा होतो, शंभराच्या आसपास पेशी.

तिसऱ्या दिवसापर्यंत एम्ब्रियो बऱ्यापैकी आईच्या अंड्यातल्या साठ्यावर चालतो, त्यानंतर त्याला स्वतःच्या जीन्सवर चालावं लागतं, आणि तिथंच बरेच जण गळतात. फर्टिलाइझ झालेल्यातले साधारण निम्मे किंवा त्याहून कमीच पाचव्या दिवसापर्यंत पोचतात. म्हणून फोनवर ‘दहाचे चार झाले’ असं सांगितलं की लोक घाबरतात, पण चार म्हणजे चांगलं झालं ओ. दुसरं असं की नैसर्गिक गरोदरपणात पण एम्ब्रियो गर्भपिशवीत चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारासच उतरतो, त्याआधी तो बीजवाहक नळीत असतो, त्यामुळं पाचव्या दिवशी टाकला की वेळ जुळते.

पण ज्यांचे मुळात दोनच एम्ब्रियो आहेत त्यांना कधीकधी तिसऱ्याच दिवशी टाकतात, निवडायला काही नाहीच तर बाहेर ठेवून काय करायचं. तो निर्णय चुकीचा नसतो.

तुमच्या लॅबमध्ये असं काय असतं? बाहेरनं तर साधी खोलीच दिसते

साधीच दिसावी अशी खोली आहे ती. इथं जरा जास्त लिहिते कारण जाहिरातीत याचं नाव नसतं आणि लॅबच्या हातात जेवढा रिझल्ट असतो त्यात मात्र सगळ्यात जास्त वाटा याचाच असतो.

पहिलं तापमान. ३७ डिग्री, म्हणजे शरीराचं. एम्ब्रियो इनक्युबेटरच्या बाहेर काढला की गार पडायला लागतो म्हणून मायक्रोस्कोपची पट्टी पण गरम असते, डिश गरम असते, आणि आम्ही काम मिनिटात नाही सेकंदात मोजतो. मे महिन्यात सोलापुरात बाहेर ४३-४४ डिग्री, आत एसी फुल, आणि त्यात हा ३७ चा हिशेब सांभाळायचा. आमच्याकडं रोज सकाळी पहिलं काम म्हणजे वेगळ्या थर्मामीटरनं प्रत्येक इनक्युबेटर तपासून वहीत लिहिणं, मशीनच्या स्क्रीनवर विश्वास ठेवायचा नाही असा नियम आहे.

दुसरं ऑक्सिजन. ऐकून नवल वाटेल पण एम्ब्रियोला जास्त ऑक्सिजन सोसत नाही. हवेत २१ टक्के असतो, बाईच्या नळीत आणि गर्भपिशवीत २ ते ८ टक्केच. म्हणून चांगल्या इनक्युबेटरमध्ये नायट्रोजन सोडून ऑक्सिजन ५ टक्क्यांवर आणतात आणि कार्बन डायऑक्साइड ५-६ टक्के ठेवतात, म्हणजे ज्या पाण्यात एम्ब्रियो आहे त्याचा पीएच ७.२ ते ७.४ मध्ये राहतो. जुन्या लॅब २० टक्क्यांवर चालायच्या. कमी ऑक्सिजनमध्ये वाढवलेल्यांचे रिझल्ट बरे येतात हे अभ्यासातनं दिसलेलं आहे आणि त्यासाठी बिलात वेगळी ओळ नसते, म्हणून कुणी सांगत नाही. तुम्ही विचारा, तुमचा इनक्युबेटर लो ऑक्सिजनचा आहे का.

तिसरं ते पाणी, मीडियम म्हणतो आम्ही. पहिले दोन-तीन दिवस एम्ब्रियो पायरुवेट खातो, नंतर त्याला ग्लुकोज लागतं, अमिनो अॅसिड लागतात, म्हणजे आधी पेज मग भाकरी असा प्रकार. त्याच्यावर तेलाचा थर असतो नाहीतर तो थेंब वाळून जाईल.

आणि चौथं हवा. फिल्टरची हवा, बाहेरची धूळ आत येऊ नये म्हणून आत दाब जास्त. रंगाचा वास, फिनाइल, सेंट, अगरबत्ती सगळं बंद. सोलापूरची धूळ माहितीये ना तुम्हाला.

लाइट गेली तर काय हे पण विचारतात. यूपीएस, मग जनरेटर, आणि फोनवर अलार्म. मी नवीन होते तेव्हा जिथं शिकत होते तिथं (नाव घेत नाही, गाव पण नाही) एकदा रात्री लाइट गेली, यूपीएसनं घेतलं नाही, जनरेटरला माणूस उठेपर्यंत वेळ गेला. इनक्युबेटरचं दार कुणी उघडलं नाही म्हणून आतलं तापमान फार उतरलं नाही, एम्ब्रियो बचावले. पण त्या रात्रीपासून मी फोन सायलेंटवर ठेवून झोपलेली नाही. आमच्या घरी लग्नाच्या पंगतीत पण माझा फोन ताटाशेजारी असतो.

लेसर हॅचिंग करून घ्यायचं का? पॅकेजमध्ये लिहिलंय

एम्ब्रियोभोवती एक कवच असतं. पाचव्या-सहाव्या-सातव्या दिवशी एम्ब्रियो फुगतो, कवच पातळ होतं, फाटतं आणि तो बाहेर येऊन गर्भपिशवीच्या अस्तराला चिकटतो. आपल्याला बाहेर येणं दिसतं तेव्हा फार भारी वाटतं, आठच्या आकड्यासारखा दिसतो, अर्धा आत अर्धा बाहेर. आता विचार असा की कवच जाड असेल तर तो बाहेर येणार कसा, मग आम्हीच भोक पाडून देतो. पूर्वी अॅसिडनं करायचे, आता मायक्रोस्कोपलाच लेसर बसवलेला असतो, स्क्रीनवर नेम धरायचा, पायानं पेडल दाबायचं, मिलिसेकंदाचा झटका, कवचात फट. एम्ब्रियोच्या पेशींपासून लांब धरावं लागतं. अख्खं अंडं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, त्यात कवच, त्यात भोक, कल्पना करा. पहिले सहा महिने माझा हात घामानं भिजायचा.

उपयोग होतो का? सरसकट सगळ्यांना, नाही. प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह यायचं प्रमाण थोडं वाढत असेल असं काही अभ्यासात दिसतं पण बाळ हातात यायचं प्रमाण वाढतं हे पक्कं कुणी दाखवू शकलेलं नाही, आणि जुळ्यांचं प्रमाण मात्र थोडं वाढतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेचं पण हेच म्हणणं की सगळ्यांना रुटीन करू नका. वय जास्त, आधी चांगले एम्ब्रियो टाकून पण फेल, कवच खरंच जाड दिसतंय, अशांना करायचं तर करावं. मी ‘कवच जाड आहे’ म्हणून सांगायला जाते तेव्हा मोजून सांगते. पॅकेजमध्ये सगळ्यांनाच लावलेलं असेल तर विचारा, माझ्यात काय बघितलं म्हणून लावताय.

एम्ब्रियो ग्लू म्हणजे फेविकॉलसारखं काही असतं का ओ?

नाव ठेवणाऱ्यानं डोकं लावलंय खरं, पण डिंक-बिंक काही नाही. ट्रान्सफरच्या, म्हणजे एम्ब्रियो गर्भपिशवीत सोडायच्या वेळच्या, मीडियममध्ये हायलुरोनिक अॅसिड नावाचा पदार्थ जास्त घातलेला असतो, इंजेक्शनचा नाही, क्रीमचा नाही, एम्ब्रियो काही वेळ त्यात ठेवून त्याच्यासकट आत सोडायचा. हा पदार्थ आपल्या गर्भपिशवीत निसर्गतः असतोच, तो दाट असतो म्हणून एम्ब्रियो सोडल्या जागी राहायला मदत होते, आणि एम्ब्रियोच्या आणि अस्तराच्या पेशींवर त्याला धरणाऱ्या जागा असतात.

या सगळ्या जादा गोष्टींमध्ये ज्याच्या बाजूनं बऱ्यापैकी पुरावा आहे अशी ही एक. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर बाळ होण्याचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसतं. थोडं. नापास पोराला पहिला नंबर आणणारं नाही हे. आमच्याकडं वापरतो, मला त्यात त्रास काही दिसलेला नाही.

कॅमेऱ्यावाला इनक्युबेटर पाहिजे, त्याच्यानं रिझल्ट डबल होतो म्हणे

कोण म्हणे? टाइमलॅप्स म्हणतात त्याला. आत कॅमेरा असतो, दर काही मिनिटांनी फोटो काढतो, मग त्याची फिल्म होते. आम्हाला फार सोयीचं आहे, एम्ब्रियो बाहेर न काढता घरबसल्या सगळं दिसतं, रात्री दोनला कोणत्या पेशीनं काय केलं ते पण कळतं. पेशंटला पेनड्राइव्हमध्ये देतात तेव्हा त्यांच्या डोळ्यात पाणी येतं, ते मी बघितलंय.

पण २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटन आणि हाँगकाँगमधल्या दीड हजारांवर बायकांचा अभ्यास आला, काहींचे एम्ब्रियो टाइमलॅप्सनं निवडले, काहींचे साध्या पद्धतीनं. बाळ होण्याचं प्रमाण सगळ्या गटांत जवळपास सारखंच, तेहतीस ते सदतीस टक्क्यांच्या मध्ये. असेल तर चांगलंच, पण याच्यासाठी वेगळे पैसे मोजायला दागिने मोडू नका.

फ्रेश चांगलं का फ्रोझन? बर्फात ठेवलेलं बाळ कसं काय चांगलं असेल

बर्फात नाही, बर्फच तर होऊ द्यायचा नसतो. पूर्वी हळूहळू गोठवायचे तेव्हा पेशीत बर्फाचे खडे होऊन पेशी फुटायच्या. आता व्हिट्रिफिकेशन. पेशीतलं पाणी काढून त्याजागी संरक्षक द्रव घालायचा आणि एका झटक्यात लिक्विड नायट्रोजनमध्ये, उणे १९६ डिग्री. एवढ्या वेगानं की बर्फ व्हायला वेळच मिळत नाही, काचेसारखं होतं. चांगल्या लॅबमध्ये दहातले नऊहून जास्त ब्लास्टोसिस्ट परत जिवंत निघतात. काढल्यावर सुकलेल्या मनुक्यासारखा दिसतो, दोन-तीन तासांत परत फुगतो, तो फुगताना बघणं हा माझ्या कामातला सगळ्यात आवडता भाग.

आणि ही काही कालची गोष्ट नाही. जगातलं पहिलं आयव्हीएफचं बाळ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये झालं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी गोठवलेल्या एम्ब्रियोवरनं मुलगी जन्माला घातली. हयातीत बिचाऱ्यांवर कुणी विश्वास ठेवला नाही. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून बाळ झालं ते १९८६ ला.

फ्रोझन कधी? पिकअपच्या इंजेक्शननी हार्मोन वर गेलेले असतात, पोट फुगण्याचा धोका असतो, अस्तर एम्ब्रियोच्या आधीच पुढं गेलेलं असतं, तेव्हा गोठवून पुढच्या महिन्यात शांतपणे टाकलेलं बरं. पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित आणि अंडाशयात बऱ्याच छोट्या पुटकुळ्या, असणाऱ्यांना फायदा दिसला, चीनच्या २०१६ च्या मोठ्या अभ्यासात फ्रोझनमध्ये ४९ टक्के आणि फ्रेशमध्ये ४२ टक्के बाळं झाली. ज्यांना पीसीओएस नाही त्यांच्यात नंतरच्या अभ्यासांत फारसा फरक दिसला नाही. म्हणजे सगळ्यांना गोठवायलाच पाहिजे असं नाही.

किती वर्षं ठेवता येतं, तर आपल्या २०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्यानुसार १० वर्षं.

पीजीटी केलं तर नक्की राहतं ना?

पीजीटी-ए म्हणजे ब्लास्टोसिस्टच्या बाहेरच्या थरातल्या पाच-दहा पेशी लेसरनं काढून क्रोमोसोम तपासायचे. बाळाच्या गोळ्याला हात लावत नाही. एम्ब्रियो तोपर्यंत गोठवून ठेवतात, पेशी बाहेरच्या मोठ्या लॅबला जातात, आठवडा-दोन आठवडे लागतात.

यातनं एम्ब्रियो सुधारत नाही, फक्त गाळणी लागते. ज्यांचं वय जास्त आहे, परत परत गर्भपात झालेत, त्यांना एकेक ट्रान्सफर वाया जाणं वाचतं, गर्भपात कमी होतात, हे खरं. पण ज्यांचं वय ३७ पर्यंत आणि चांगले ब्लास्टोसिस्ट तीन किंवा जास्त आहेत अशा १२१२ बायकांवर चीनमध्ये अभ्यास झाला, २०२१ ला छापून आला, त्यात सगळे ट्रान्सफर मिळून तपासणी केलेल्यांत ७७ टक्के आणि न केलेल्यांत ८२ टक्के बाळं झाली. म्हणजे तपासून काही जास्त झाली नाहीत. शिवाय वरच्या थरातल्या थोड्या पेशींवरनं आतल्याचा अंदाज, तो कधी चुकतो, आणि चांगला एम्ब्रियो फेकला जाऊ शकतो. चाळिशीच्या पुढच्या ज्या ताईंचा एकच एम्ब्रियो आहे त्यांना मी स्वतःहून कधी आग्रह करत नाही.

त्यातनंच मुलगा का मुलगी ते कळेल की?

नाही सांगत, नाही निवडत. गर्भलिंग निवडीविरुद्धच्या पीसीपीएनडीटी कायद्यानं गुन्हा आहे, एम्ब्रियो टाकायच्या आधी असलं तरी. कोपऱ्यात घेऊन विचारलं तरी उत्तर हेच.

मिस्टरांचा काउंट तर नॉर्मल आहे, मग त्यांचा काय संबंध?

अर्धा संबंध त्यांचा आहे! काउंट म्हणजे डोकी मोजणं झालं, डोक्यातला माल कसाय ते त्यात येत नाही. शुक्राणूतला डीएनए तुटलेला असेल तर फर्टिलायझेशन होतं, तिसऱ्या दिवसापर्यंत एम्ब्रियो मस्त दिसतो, आणि नंतर जिथं वडलांचे जीन्स चालू व्हायला पाहिजेत तिथं गाडी अडते. ‘मॅडम सगळे तिसऱ्या दिवशी चांगले होते, पाचव्याला एक पण नाही’ अशा केसमध्ये आम्ही नवऱ्याकडं बघतो. तुटलेला डीएनए मोजायची डीएफआय नावाची टेस्ट असते.

आता सोलापूरचं सांगते. अशोक चौक, अक्कलकोट रोड एमआयडीसी तिकडचे यंत्रमागावर काम करणारे दादा येतात, पत्र्याच्या शेडमध्ये बारा तास, उन्हाळ्यात भट्टी. काही बेकरीत, काही ड्रायव्हर, दिवसभर गरम सीटवर. शुक्राणूंना शरीराच्या तापमानापेक्षा दोन-तीन डिग्री कमी लागतं, म्हणून तर निसर्गानं ती पिशवी बाहेर लोंबकळत ठेवलीय. त्यात तोंडात मावा. मी काही भाषण देत नाही, एवढंच सांगते की नवीन शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला साधारण तीन महिने लागतात, म्हणजे मावा आज सोडला तर फायदा तीन महिन्यांनी, ट्रान्सफरच्या आदल्या दिवशी सोडून उपयोग नाही. एकदा एक दादा सॅम्पल द्यायला आले, गालात पुडी तशीच, विचारलं तर म्हणे आजची शेवटची.

लॅबमध्ये आम्ही काय करतो? इक्सीत, म्हणजे एक शुक्राणू उचलून सुईनं अंड्यात सोडतो तेव्हा, तो शुक्राणू निवडायच्या पद्धती आहेत. मायक्रोफ्लुइडिक चिप, केसासारख्या बारीक वाटांतनं जे पोहून पलीकडं येतात तेच घ्यायचे, सेंट्रिफ्युजमध्ये गरगर फिरवायची भानगड नाही. मॅक्समध्ये मरायला टेकलेले शुक्राणू चुंबकानं बाजूला काढतात. पिक्सीमध्ये हायलुरोनिक अॅसिडच्या ठिपक्याला जे चिकटतात ते पिकलेले समजून घेतात. पिक्सीचा ब्रिटनमध्ये २,७०० च्या वर जोडप्यांवर अभ्यास झाला, २०१९ ला आला, बाळं वाढली नाहीत, गर्भपात मात्र कमी झाले. त्यामुळं डीएफआय जास्त, आधी गर्भपात झालेले, अशांना विचार करायला हरकत नाही. सॅम्पलच्या आधी आठ-दहा दिवस ‘साठवून’ ठेवू नका, जुना माल जास्त तुटका असतो.

इरा टेस्ट, स्क्रॅचिंग, पीआरपी... यातलं काय करू?

हे लॅबपेक्षा गर्भपिशवीकडचं, पण विचारतातच म्हणून पटकन. स्क्रॅचिंग म्हणजे अस्तर खरवडायचं, १३६४ बायकांच्या २०१९ च्या अभ्यासात केलेल्या-न केलेल्या दोन्हीकडं २६ टक्केच बाळं. सोडा. इरा म्हणजे अस्तराचा तुकडा तपासून ट्रान्सफरचा तास ठरवायचा, २०२२ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात सरसकट करून फायदा दिसला नाही. पीआरपी, स्वतःच्याच रक्तातनं काढलेलं, अस्तर वाढतच नसेल तर काही डॉक्टर वापरतात, माझा अनुभव संमिश्र आहे.

ब्रिटनमध्ये एचएफईए म्हणून सरकारी संस्था आहे, ती अशा प्रत्येक जादा गोष्टीला पुराव्यानुसार रंग देते आणि लोकांसाठी वेबसाइटवर ठेवते. आपल्याकडं असं काहीतरी पाहिजे होतं, मग माझे पॅसेजमधले निम्मे प्रश्न संपले असते.

दोन टाका ना, एक तरी राहील

दोन्ही राहिले तर? जुळी म्हणजे लवकर डिलिव्हरी, बीपी, काचेच्या पेटीचं बिल. ब्लास्टोसिस्ट चांगला असेल तर एक टाका, दुसरा गोठवून ठेवा, कुठं पळून जात नाही.

तीनदा फेल झालं. आता पुण्याला जाऊ का?

जा की, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन मत घेऊन या, कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. पण जाताना जुन्या फाइली सगळ्या न्या, आणि एम्ब्रियोलॉजीचा रिपोर्ट मागून घ्या, किती अंडी, किती परिपक्व, किती फर्टिलाइझ, कितव्या दिवशी कोणता ग्रेड, कोणतं मीडियम. बऱ्याच जणींकडं सोनोग्राफीचे पन्नास फोटो असतात आणि हा एक कागद नसतो.

लॅबमध्ये नवीन काही करायच्या आधी घरातली गळती बघायला पाहिजे. नळीत पाणी साठलेलं असेल तर ते गर्भपिशवीत उतरतं आणि एम्ब्रियोला घातक ठरतं, ती नळी आधी काढणं किंवा बंद करणं, याचा फायदा कुठल्याही लेसरपेक्षा पक्का आहे. अस्तरात पॉलिप, आत आलेली गाठ, अस्तराची जुनी सूज, दुर्बिणीतनं बघून घेणं. गर्भपिशवीची टीबी, आपल्याकडं हे विसरून चालत नाही. थायरॉइड, शुगर, रक्त गोठण्याच्या त्या अँटिबॉडी, दोघांचं कॅरिओटाइप, म्हणजे क्रोमोसोमची तपासणी. हे सगळं झालंय आणि एम्ब्रियो चांगले आहेत तरी राहत नाही, तेव्हा मग पीजीटी, हॅचिंग, ग्लू यांचं बोलू.

बिडीचं काम करणाऱ्या एक ताई होत्या, तीन ट्रान्सफर बाहेर फेल, चौथ्यासाठी गळ्यातलं मोडून पॅकेज घ्यायला आल्या होत्या, यादीत सगळं टिकमार्क केलेलं. डॉक्टरांनी यादी बाजूला ठेवली आणि जुनी एक्सरे फिल्म उजेडाला धरली, उजवी नळी फुगलेली स्वच्छ दिसत होती. तीन वर्षं ती फिल्म त्याच फाइलमध्ये होती.

ट्रान्सफरच्या दिवशी तुम्ही आत काय करता? आणि उठल्यावर पडणार नाही ना?

आधी नाव. तुम्हाला विचारणार, डिशवर बघणार, दुसरा माणूस परत बघणार. तुम्हाला वाटेल एवढ्यांदा काय नाव विचारतात, विचारू द्या.

मग मी एम्ब्रियो कॅथेटरमध्ये भरते. बारीक मऊ नळी, तिच्यात थोडं मीडियम, एक हवेचा बुडबुडा, एम्ब्रियोचा थेंब, परत बुडबुडा. बाहेर डॉक्टर पोटावरनं सोनोग्राफी धरून तयार असतात, म्हणून तर लघवी भरून ठेवायला सांगतात. माझ्या हातातनं त्यांच्या हातात, आत गेलं, स्क्रीनवर एक पांढरा ठिपका चमकतो. तो ठिपका हवेचा असतो, एम्ब्रियो नाही, पण फोटो काढून नेतात लोक, मी काही बोलत नाही. नंतर नळी परत माझ्याकडं येते आणि मी ती मायक्रोस्कोपखाली धुऊन बघते, एम्ब्रियो आतच चिकटून राहिला नाही ना. तेवढा अर्धा-एक मिनिट सगळे गप्प. मग मी खिडकीतनं म्हणते, क्लिअर.

आणि नाही पडत. गर्भपिशवी म्हणजे उलटी बाटली नाही, दोन भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात, मध्ये एम्ब्रियो, चटणी दाबलेल्या भाकरीसारखं. लघवीला जा, खोकला, शिंका. दिवसेंदिवस पडून राहण्यानं फायदा होत नाही हे अभ्यासात दिसलंय, उलट काही अभ्यासांत नुकसानच दिसलं. होटगी रोडच्या खड्ड्यातनं रिक्षा गेली तरी काही होत नाही, फक्त कंबर दुखेल. एम्ब्रियो अजून एक-दोन दिवस कवचातनं बाहेर यायला घेतो, मग चिकटतो, मग हार्मोन सोडतो, म्हणून बीटा, म्हणजे प्रेग्नन्सीची रक्ततपासणी, बारा-चौदा दिवसांनी. मधेच घरी पट्टी करून रडत बसू नका.

त्या दिवशी काय घालून यायचं, काय आणायचं?

सैल कपडे, आधारकार्ड, नवरा. सेंट नको, अत्तर नको, डिओ नको, वासाचं तेल नको. मोगऱ्याचा गजरा पण बाहेरच, दिसायला छान आहे पण वास नको. एका ताईंच्या सासूबाई सिद्धरामेश्वराचा अंगारा घेऊन आल्या होत्या, पोटाला लावायचा म्हणून हट्ट, आत पावडर न्यायची म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. शेवटी दाराबाहेर बाकावर बसवून सुनेच्या कपाळाला लावला, सिस्टरनी मग ओल्या गॉजनं हळूच पुसला, आणि आजी दारातनं मला म्हणाल्या, उरलाय थोडा, तुझ्या त्या मशीनला लावतीस का गं? मी पुडी घेतली. पाच वर्षं झाली, माझ्या लॉकरमध्ये आहे, दोन थरांच्या झिपलॉकमध्ये.